कूलरवाल्याने पावसाळ्यात काय करावं? आणि धंदा वळवण्याबद्दल आणखी तीन पत्रं

यावेळची बरीचशी पत्रं एकाच वळणाची आहेत, हातात एक धंदा आहे, तो बरा चालतो पण पुरत नाही, आणि आपल्याला जे येतं ते दुसरीकडे लावता येईल का. त्यातली चार इथे घेतोय. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण ते दुखणं नागपूरलगतच्या वाडीतल्या एकट्या भाऊंचं नाही, हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत कितीतरी छोट्या शेडमधलं आहे.

प्रश्न : नमस्कार सर. आमचं वाडीला कूलरचं काम आहे, बाबांनी सुरू केलं, आता मी अन् लहान भाऊ पाहतो. शिअरिंग, बेंडिंग, पंचिंग, स्पॉट वेल्डिंग घरचं आहे, पावडर कोटिंग बाहेरून करून आणतो. जानेवारीपासून माल भरून ठेवतो, मार्च ते मे जेवायला टाईम नसते, अन् जून लागला की सगळी पोरं रिकामी. अर्धी गावी जातात, पुढच्या सीझनला येतीलच याची गॅरंटी नाही. आता जो तो सल्ला देऊन राहिला. एक जण म्हणते ई-रिक्षाची बॉडी बनवा, मेहुणे म्हणतात लोखंडी कपाटं अन् शाळेचे बेंच करा, एक डीलर म्हणते पोल्ट्रीवाल्यांना मोठे कूलर लागतात तिकडे घुसा. वरून प्लास्टिक बॉडीचे ब्रँडेड कूलर दरवर्षी आमचं गिऱ्हाईक खाऊन राहिले. आमच्यात असं काय आहे जे दुसऱ्या धंद्यात चालेल?
— कूलर कारखानदार, वाडी

उत्तर : भाऊ, तुम्ही पत्रात मशिनी मोजल्या, पोरं मोजली, पण लोक तुमच्याकडे का येतात ते कुठेच लिहिलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. प्लास्टिकचा चकचकीत कूलर घरपोच मिळत असताना ज्याने तुमचा पत्र्याचा कूलर घेतला त्याने तो का घेतला, हे डीलरला विचारू नका, त्याच माणसाला विचारा. नागपुरात जे ऐकायला मिळतं ते साधारण असं, की हवा जोरात फेकते, हॉल आणि मागची खोली दोन्ही थंड होतात, आणि मे महिन्यात मोटर जळली तर संध्याकाळपर्यंत पोरगा येऊन बदलून जातो. हे शेवटचं फार मोठं आहे हो. पारा ४५ च्या वर गेलेला असताना ज्याच्या घरी म्हातारी आई आहे त्याला वॉरंटी कार्डाचं काय करायचं, त्याला आज रात्री हवा पाहिजे.

म्हणजे तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकाच पोत्यात भरल्या आहेत. पत्र्याचं काम, हवा-पाण्याची समज, आणि गर्दीच्या दिवसांतही त्याच दिवशी माणूस पाठवायची सवय. पहिली गोष्ट नागपुरात गल्लोगल्ली मिळते, दुसरी कमी लोकांकडे आहे, आणि तिसरी तर फारच थोड्यांकडे.

आता आलेले सल्ले यावर घासून पाहा. कपाटं आणि बेंच यात फक्त पत्र्याचं काम लागतं, बाकी दोन्ही गोष्टी घरी ठेवून जावं लागेल, आणि तिथे किलोच्या भावावर मारामारी आहे, तुम्ही दोन रुपये कमी केले की समोरचा तीन करतो. ई-रिक्षाचंही तेच, शिवाय गाडी रस्त्यावर आणायची तर टाईप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता लागते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून टेस्टिंग करून घ्यावं लागतं, ते काही तुमच्या शेडचं काम नाही, म्हणजे तुम्ही कोणाचे तरी जॉबवर्कवाले होणार आणि भाव तो ठरवणार. दोन-चार महिने पोरांना काम पाहिजे म्हणून जॉबवर्क घ्या, काही हरकत नाही, पण त्याला नवीन धंदा म्हणून लोन काढू नका.

पोल्ट्रीचा सल्ला मात्र मला मनापासून आवडला, कारण त्यात दुसरी गोष्ट कामाला येते. कूलर काय करतो, एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की हवेतली साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी, आणि हे फुकटात होतं, फक्त हवा कोरडी पाहिजे. म्हणूनच कूलर नागपूरला देव आहे आणि रत्नागिरीला कुचकामी. ब्रॉयलरच्या ज्या बंद शेडला सगळे ईसी शेड म्हणतात तिथे हेच तत्त्व आहे, एका टोकाला पाण्याने ओल्या ठेवलेल्या पॅडची भिंत, दुसऱ्या टोकाला ५० इंची पंख्यांची रांग, आणि मधून तीन-चारशे फूट लांब शेडमधून हवा ओढायची. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि उकाड्यात मुख्यतः तसंच अंग थंड करते. त्यामुळे तिथे नुसता गारवा देऊन भागत नाही, पाणी मारून हवा दमट केली आणि वेग दिला नाही तर धापा टाकूनही पक्षी थंड होत नाही. सेकंदाला अडीच-तीन मीटरचा वेग पक्ष्यांच्या अंगावरून जायला पाहिजे. पंख्याचा आकार, पॅडचं क्षेत्रफळ, शेडची फट, सगळ्याचा हिशेब तिथून सुरू होतो. हा हिशेब तुम्ही आज अंदाजाने करता, तिथे कागदावर करावा लागेल. एखादा व्हीएनआयटीचा किंवा कुठल्याही चांगल्या कॉलेजचा मेकॅनिकलवाला सोबत घ्या.

एक गोष्ट तुम्हाला आत्ताच त्या लोकांपेक्षा जास्त माहीत आहे, बोअरचं पाणी. मेच्या शेवटी तुम्ही ताटी काढता तेव्हा तिच्यावर तो पांढरा खरबरीत थर बसलेला असतो, गवत काडीसारखं मोडतं, खाली टाकीत चुना साचलेला आणि पंपाच्या जाळीत अडकलेला, हे तुमच्या पोरांनी हजारदा खरवडलं आहे. पोल्ट्रीतले कागदी पॅड महाग असतात आणि ह्याच क्षारांनी मरतात. पाणी नुसतं फिरवत न ठेवता थोडं थोडं सोडून द्यायचं, पॅड रोज काही वेळ पूर्ण सुकू द्यायचे, टाकी कधी उपसायची, हे सांगणारा आणि येऊन करून देणारा माणूस फार्मवाल्याला सोन्याच्या भावाने पाहिजे असतो. म्हणून माझा आग्रह आहे की पोल्ट्रीत पहिल्या वर्षी पंखे-पॅड बनवून विकायला जाऊ नका, दुसऱ्यांनी बसवलेल्या शेडच्या मेंटेनन्सला जा. फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या आधी, पॅड धुणं, बेल्ट-बेअरिंग, पंप, सगळं चेक करून द्यायचं. शेडच्या आत उभं राहून जे दिसेल ते कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही.

आणि आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. तुमचा कूलर बंद पडला तर एक घर रात्रभर घामाघूम होते, शिव्या देते, सकाळी तुम्ही दुरुस्त करून देता, झालं. ईसी शेडमध्ये पंधरा-वीस हजार पक्षी असतात, मे महिन्याच्या दुपारी अर्धा-पाऊण तास पंखे बंद राहिले तर अख्खी बॅच हातची जाऊ शकते. काम तेच, बिघाडाची किंमत मात्र शंभरपट. तिथे जनरेटर, अलार्म, स्पेअर मोटर हे सगळं ऐच्छिक नसतं. तसंच मटेरियल, तुम्ही घरगुती कूलरला जो जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा लावता तो शेडमधल्या अमोनियाने लवकर खाल्ला जाईल, तिथे जाड गॅल्व्हनायझिंग नाहीतर स्टेनलेस लागतं. जो माणूस आपली कला दुसऱ्या धंद्यात नेतो तो बहुतेक वेळा कलेत मार खात नाही, तो ह्या अशा गोष्टींत मार खातो, बिघाडाची किंमत, पैसे यायची पद्धत, आणि ह्या लोकांनी माझ्यावर भरवसा का ठेवावा हा प्रश्न.

पण पोल्ट्रीने तुमचा जूनचा प्रश्न सुटत नाही हे लक्षात आलं का? पोल्ट्रीला गारवा लागतो तो पण उन्हाळ्यातच! म्हणजे तुमचा सीझन आणखी घट्ट होईल आणि पोरं पावसाळ्यात तरीही रिकामी. म्हणून मी तुम्हाला दुसरीकडे पाहायला सांगतो, जिनिंग आणि राईस मिल. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, सावनेर या पट्ट्यात जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, आणि भंडारा-गोंदियाकडे भाताच्या गिरण्या. जिनिंगमध्ये रुई पाईपमधून हवेने ओढून नेतात, राईस मिलमध्ये कोंडा आणि धूळ ब्लोअरने सायक्लोनमध्ये, म्हणजे हवेतून धूळ वेगळी करणाऱ्या पिंपात जाते, म्हणजे पत्र्याचं डक्ट आणि हवा, तुमचीच भाषा. कापूस आणि धान दोन्ही दिवाळीच्या आसपास यायला लागतात, त्यामुळे त्यांची सगळी दुरुस्ती, डक्ट बदलणं, ब्लोअर बॅलन्स करणं हे जुलै ते सप्टेंबरमध्ये होतं, अगदी तुमची पोरं गावी जातात तेव्हाच. गिरणी सुरू झाल्यावर डक्ट फाटलं तर मालकाला त्याच दिवशी माणूस पाहिजे असतो, आणि तुमच्याकडे तर ती सवय अंगात मुरलेली आहे. एक मात्र जपा, जिनिंगमध्ये ठिणगीने आगी लागतात, वेल्डिंग करायच्या आधी रुई झाडून काढणं, फायरवाला बाजूला उभा करणं, हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवा.

पैशाचं. आज तुमचा किरकोळ ग्राहक रोख देतो, गिरणीवाला देणार नाही, तो सीझन झाल्यावर पाहू म्हणेल. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, नसेल तर या आठवड्यात करून घ्या, ते फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून तर वेळेत न दिलेलं बिल, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, इन्कम टॅक्ससाठी खर्चात धरता येत नाही, त्यामुळे समोरच्याचा सीए स्वतःच त्याला टोकतो. कायदा दाखवून संबंध खराब करायचे नसतात हे मला माहीत आहे, पण बिलावर उद्यम नंबर छापलेला असला तरी फरक पडतो. आणि वेकोली (कोळसा), मॉईल (मँगनीज) या सरकारी खाण कंपन्यांची मुख्य ऑफिसं आपल्याच शहरात आहेत, सरकारी कंपन्यांना वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यावा लागतो, कॅन्टीन-वर्कशॉपसाठी मोठे कूलर त्यांनाही लागतात, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव टाकून ठेवा.

तर या पावसाळ्यात दोन गिरण्या गाठा, ओळखीतल्याच, आणि दुरुस्तीचं काम घ्या. नवीन मशीन एकही घेऊ नका. तुमची कोणती दोन पोरं तिथे रमतात ते पाहा, पुढे तोच तुमचा दुसरा विभाग.

प्रश्न : मी बी.कॉम. फायनलला आहे. आम्हाला कोअर कॉम्पिटन्स शिकवतात, म्हणजे कंपनीने आपली मूळ ताकद ओळखून तीच वेगवेगळ्या उद्योगांत वापरायची. पण मग टाटा मीठही विकते आणि ट्रकही, विप्रो तेलातून कॉम्प्युटरमध्ये गेली, यात मूळ ताकद कोणती? की नंतर जोडलेली थिअरी आहे?
— विद्यार्थिनी, महाल

उत्तर : ताई, प्रश्न एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा आहे. ही कल्पना गाजली ती १९९० मध्ये, आपले सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांच्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखामुळे. त्यांनी तीन कसोट्या दिल्या, ती ताकद अनेक बाजारांची दारं उघडते का, ग्राहकाला तिचा खरा फायदा दिसतो का, आणि दुसऱ्याला ती उचलणं अवघड आहे का. त्यांचं आवडतं उदाहरण होंडा, ज्यांना इंजिन येतं, मग ते मोटारसायकलला लावा, कारला लावा, जनरेटरला लावा नाहीतर गवत कापायच्या मशीनला.

ह्या कसोट्या लावल्या की तुमच्या उदाहरणांची वाटणी आपोआप होते. टाटाचं मीठ आणि टाटाचा ट्रक या दोन वेगळ्या कंपन्या, नाव आणि भरवसा सामाईक, कला वेगळी. पण प्रत्येकीच्या आत पाहिलं तर धागा सापडतो. ट्रकवाली टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ मध्ये रेल्वेची इंजिनं बनवायला निघाली आणि १९५४ मध्ये जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रककडे वळली, अवजड इंजिनिअरिंग तेच. मीठ आलं टाटा केमिकल्सच्या मिठापूरच्या कारखान्यातून, जिथे समुद्राचं पाणी आटवायचं काम आधीपासून चालू होतं, आणि १९८३ मध्ये ते पाकिटात बाजारात आलं. विप्रोचं मात्र वेगळं आहे, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी कॉम्प्युटरकडे गेली त्यात तेल गाळायची कला कुठेच कामाला आली नाही. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला, जागा मोकळी झाली, आणि भांडवल, चिकाटी, चांगली माणसं जमवायची दृष्टी घेऊन एक माणूस, अझीम प्रेमजी, त्यात उतरला. त्याला मूळ ताकदीचं उदाहरण म्हणून परीक्षेत लिहू नका, ते संधी ओळखण्याचं उदाहरण आहे, आणि त्यातही काही कमीपणा नाही.

खरं उदाहरण पाहिजे तर फुजीफिल्म घ्या. २००० च्या आसपास फोटोच्या रोलची विक्री जगात सर्वात वर होती आणि मग डिजिटलमुळे कोसळली. फुजीने आपल्या लॅबमध्ये काय काय येतं याची मोजदाद केली. फिल्मच्या थराचा मोठा भाग जिलेटिन म्हणजे कोलॅजनपासूनचा, फोटो पिवळा पडू नये म्हणून ऑक्सिडेशन रोखायचं ज्ञान, आणि अतिशय पातळ थर एकावर एक चढवायचं कसब. माणसाच्या त्वचेतही कोलॅजनच, आणि तीही ऑक्सिडेशननेच म्हातारी होते, तर २००७ मध्ये त्यांनी अ‍ॅस्टालिफ्ट नावाची सौंदर्यप्रसाधनं काढली. पातळ थरांचं कसब एलसीडी स्क्रीनला लागणाऱ्या फिल्ममध्ये गेलं आणि तिथे तर मोठा धंदा झाला. कोडॅककडे काय कमी होतं? डिजिटल कॅमेरा त्यांच्याच इंजिनिअरने १९७५ मध्ये बनवला होता. रसायनांचा सगळा विभाग होता, तो त्यांनी १९९४ मध्ये वेगळा काढून दिला, आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मला वाटतं फरक इथे आहे, एकाने स्वतःला रसायनवाला समजलं आणि दुसऱ्याने फोटोवाला.

तुम्ही नागपूरच्या आहात म्हणून घरचं उदाहरणही देतो, सोलर इंडस्ट्रीज. कोळसा खाणीत सुरुंग लावायची स्फोटकं बनवणारी कंपनी, आज सैन्यासाठी दारूगोळा बनवते, २०२१ च्या ऑगस्टमध्ये डीआरडीओच्या तंत्रज्ञानावर तयार केलेल्या हँड ग्रेनेडची पहिली खेप इथेच नागपुरात सैन्याला दिली गेली. स्फोटक पदार्थ हाताळायची शिस्त, साठवण, परवाने, हे ज्याने वर्षानुवर्षं केलं आहे त्याला ते दुसरीकडे नेता येतं, आणि नवख्याला ते पैसे टाकून एका वर्षात विकत घेता येत नाही. तिसरी कसोटी म्हणजे हीच.

आणि जुनं मराठी उदाहरण किर्लोस्करांचं, १८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, पुढे पंप. लोखंड ओतायची कला एकच. पण नांगर तयार असूनही शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. कला पोचली होती, भरवसा पोचायला वेळ लागला. तुमच्या पुस्तकात हा भाग नसेल तर उत्तरात तुम्ही स्वतः लिहा.

प्रश्न : दादा, मी नंदनवनला डबे देते, मेडिकलचे विद्यार्थी आणि नोकरीवाले, रोज पावणेदोनशेच्या आसपास. सगळे म्हणतात तुझ्या हाताला चव आहे, लग्नाच्या ऑर्डरी घे, किंवा सावजी मसाल्याची पाकिटं काढ. एका ओळखीच्या डॉक्टरांनी विचारलं हॉस्पिटलला जेवण देशील का. काय करू?
— डबेवाली ताई, नंदनवन

उत्तर : ताई, चव आहेच, पण चव असणाऱ्या बाया नागपुरात घराघरात आहेत. तुम्ही पावसात, परीक्षेत, पोरगी आजारी असताना, साडेबाराच्या आत पावणेदोनशे डबे बरोबर पत्त्यावर पोचवता, आणि महिन्याचा हिशेब एका वहीत बसवता, ही तुमची ताकद आहे. आता ती कुठे लागते ते बघा. लग्नात एकच दिवस हजार पानं, भाड्याची माणसं, आचारी, मंडप, तिथे रोजच्या शिस्तीचा काही उपयोग नाही. मसाल्यात चव जाईल पण पाकिटं, लेबल, दुकानदाराची उधारी, सहा महिन्यांनी मसाल्याला जाळी लागली तर परत आलेला माल, हे सगळं नवीन. आपल्याकडे डबा घेणाऱ्यांनाच पाव-पाव किलो विकून पाहा, तेवढं ठीक.

हॉस्पिटल तुमच्या सगळ्यात जवळचं आहे, रोज, वेळेवर, मोजून. पण पेशंटच्या ताटात चूक झाली, बिनमिठाचं ज्याला द्यायचं त्याला खारट गेलं, तर ती चूक जिवावर बेतू शकते, म्हणून तिथे एकदम उडी घेऊ नका. आधी पेशंटसोबत बसलेल्या नातेवाइकांचे डबे घ्या. धंतोली-रामदासपेठेत बाहेरगावाहून आलेली माणसं वडापाववर दिवस काढतात हो, गोंदिया-गडचिरोलीहून आलेली, त्यांना घरचं वरण-भात-पोळी वाजवी पैशांत मिळालं तर पुण्यही आहे आणि धंदाही. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचं, कागदपत्र नीट करा, तीन-चार महिन्यांत हॉस्पिटलचा रोजचा कारभार कळेल, मग आहारतज्ज्ञ बाई अर्धवेळ ठेवून पेशंटचं काम घ्या, आणि त्याचे डबे वेगळ्या रंगाचे, वेगळ्या ओट्यावर भरायचे, पहिल्या दिवसापासून.

प्रश्न : संत्र्याचा व्यापार आहे, काटोलकडे ग्रेडिंग आणि वॅक्सिंगची (फळावर मेणाचा थर चढवायची) लाईन टाकली आहे. आंबिया आणि मृग, संत्र्याचे वर्षातले दोन्ही बहार घेतो, पण मधे लाईन बंद असते. ज्यूसचा प्लांट टाकावा असं मनात आहे, फळ आपलंच, मार्केट आपलंच. बरोबर आहे का?
— संत्रा व्यापारी, कळमना

उत्तर : फळ तुमचं आहे, पण ज्यूसचं मार्केट तुमचं नाही, ते दोन वेगळे लोक आहेत. तुम्ही फळाचं दिसणं आणि टिकणं विकता, आकार, रंग, चकाकी, दिल्ली-कोलकात्यापर्यंत न सडता पोचणं. ज्यूसवाल्याला यातलं काही नको, त्याला वर्षभर एकसारखी चव आणि कमी भाव पाहिजे.

आणि आपल्या नागपुरी संत्र्याची एक अडचण तुम्हालाही माहीत असेल, ताजा रस गोड लागतो आणि ठेवला किंवा गरम केला की कडवट होतो. फळात एक बिनकडू पदार्थ असतो, रस काढला की आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, ते कडू, आणि उष्णतेने हे आणखी लवकर होतं. टिकाऊ करून बाटलीबंद करायचं तर रस बहुतेक वेळा तापवावा लागतो. त्यावर उपाय आहेत, पण ते रसायनशास्त्राचं काम आहे, ग्रेडिंगचं नाही. मशिनीवाला हे सांगणार नाही.

तुमचं खरं कसब मला दुसरंच वाटतं, झाडावर फळ असताना बगीचा पाहून माल किती निघेल आणि कसा निघेल हे सांगणं. त्यावर तुम्ही लाखांचे सौदे करता. ते मोसंबीला लागतं, लिंबाला लागतं, बरेचदा शेतकरीही तोच असतो, तोडणारे मजूर तेच, क्रेट तेच. लाईन रिकामी असते तेव्हा आधी तिथे जा, आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांचा माल जॉबवर्कवर घ्या. छाटणीत निघणारं बारीक फळ बर्फीवाल्यांना आणि ताजा रस विकणाऱ्यांना जातं का ते बघा, रोजच्या रोज संपणारं गिऱ्हाईक, तिथे कडूपणाचा प्रश्न फारसा येत नाही.

तरीही ज्यूस डोक्यातून जात नसेल तर अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आणि एलआयटीमध्ये (नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) फूड टेक्नॉलॉजीची माणसं आहेत, दोन्हीकडे जाऊन बसा. त्याआधी घरीच एक करा. दोन्ही बहारांच्या, सुरुवातीच्या आणि शेवटच्या फळांचा रस वेगवेगळा काढा, कारण कच्च्या फळात कडूपणा जास्त आणि पूर्ण पिकलेल्यात कमी असतो. अर्धा उकळी न येऊ देता चांगला तापवून आणि अर्धा तसाच बाटलीत भरा, तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, ज्यांनी तो बनवताना पाहिला नाही अशा चार जणांना चाखायला द्या. वर्षभराच्या या बाटल्या होईपर्यंत प्लांटच्या कोटेशनवर सही करू नका, ॲडव्हान्स तर अजिबात देऊ नका.